सभागृहाचा खर्च आणि दिव्याचे तेल

१८९३ च्या ऑगस्टच्या सुमारास बालाघाट जिल्ह्यातील एका रानात झाडाला टांगलेली काही ताम्रपत्रे सापडली. वाकाटक नृपती द्वितीय पृथिवीषेण याची ती होत. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने त्यांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये प्रसिद्ध केले. लेखात वंशावळ यथासांग आहे. कोण कोणाचा पुत्र, कुंतलाधिपतीची कन्या अज्झितभट्टारिका ही राजमाता, बुडालेले कुळ पृथिवीषेणाने पुन्हा वर काढले, हे सारे सांगून होते. आणि तेथेच लेख थांबतो. दान कोणास दिले, कोणते गाव दिले, त्याच्या चतुःसीमा कोणत्या, यांपैकी एक अक्षरही कोरलेले नाही. आमच्या धंद्यातील माणसास हे पाहून हळहळ वाटते. मायना उत्तम, साक्षात राजाचा. पण देणगीचे कलमच नाही!

या ताम्रपत्रांची आठवण होण्यास कारण झाले ते आमच्या बालाघाटातील मराठी मंडळींनी योजलेले सभागृह. त्याच्या योजनेची कागदपत्रे तपासण्याचे काम आमच्याकडे आले. समाजाचा पूर्वेतिहास चार पाने, नकाशा दोन पाने, बांधकामाचे अंदाजपत्रक पाच पाने. सभागृह उभे राहिल्यावर त्याचा दिवा कोण लावणार, याविषयी एक ओळही नाही.

ज्या वाचकांनी बालाघाट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. वैनगंगेच्या काठचा हा मुलूख. दक्षिणेकडील लांजी परगणा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८६७ साली आसपासच्या जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी बालाघाट हा नवा जिल्हा केला. त्याचे ठाणे तेव्हा बूढा या नावाने ओळखले जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून अरुंद रुळांची आगगाडी आली, भरवेलीच्या मँगनीजच्या खाणी वाढल्या, आणि कारकून, मास्तर, वकील, कंत्राटदार अशी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. खेड्यापाड्यांतील पोवार, मरार, कुणबी हे तर त्यांच्याही आधीचे. नागपूर ही राजधानी, नागपूर हेच हायकोर्टाचे गाव. तेव्हा येथे राहून आपण परमुलखात आहो असे कोणास वाटत नसे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते बदलले. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. चाळीस-एक किलोमीटरवरचे गोंदिया दुसऱ्या राज्यात गेले, आणि अपिलाचे कागद घेऊन नागपूरची गाडी धरणाऱ्या वकिलास जबलपूरची गाडी धरावी लागली. त्या दिवशी कोणी कोणावर अन्याय केला, अशा सुरात आम्ही हे लिहीत नाही. हिंदीने आम्हांस पोटाशी धरले आहे, आणि आमची मुले ती आमच्याहून चांगली बोलतात. परंतु घराबाहेर मराठी ऐकू येण्याची ठिकाणे एकेक करून कमी होत गेली, आणि आज गणपतीचे दहा दिवस व एखादे हळदीकुंकू एवढाच तिचा सार्वजनिक संसार उरला आहे.

म्हणूनच सभागृहाचा प्रश्न निघाला, की सभेत आवाज चढतो. एक पक्ष म्हणतो, स्वतःची चार भिंतींची जागा नसलेला समाज हा भाडेकरू समाज. दुसरा म्हणतो, लग्नासाठी गावात लॉन आहेत, कीर्तनासाठी देवळाचा मंडप आहे. वर्षातून वीस दिवस उघडणाऱ्या इमारतीवर लाखो रुपये घालवण्याऐवजी मुलांना शिष्यवृत्त्या द्या. दुसऱ्या पक्षाच्या बाजूने इतिहासही साक्ष देतो. १८९३ साली लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवास सार्वजनिक रूप दिले ते कनातीच्या मंडपात. दहा दिवसांनी मंडप उतरे. घरपट्टी नाही, चौकीदार नाही, गळके छप्पर नाही. त्या कापडाखाली महाराष्ट्र घडला, हे नाकारणार कोण?

मात्र मंडप दहा दिवसांसाठी असतो. आठवड्यातून दोनदा मुलांना बाराखडी शिकवावयाची, वाचनालयाचे कपाट ठेवावयाचे, परगावाहून आलेल्या एखाद्या वृद्धेस रात्रभर टेकावयास जागा द्यावयाची, ही कामे मंडपाने होत नाहीत. येथे आम्हांस गोमंतकाची आठवण होते. १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांच्या भयाने कुशस्थळीचा मंगेश रातोरात नदीपलीकडे प्रियोळास नेला, तशीच केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. त्या वेळी फोंडा महाल पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. देव नेणाऱ्यांनी प्रथम देवाला छप्पर केले. पण देवालयांचा व्याप वाढला तशा अंगणाभोवती अग्रशाळा उभ्या राहिल्या, आणि दूर पांगलेला कुळावी वर्षा-दोन वर्षांनी येऊन ज्या ओसरीवर पथारी टाकू लागला ती ओसरी अग्रशाळेचीच. मुंज तेथे, पंगत तेथे, महाजनांचे भांडणही तेथेच. या मासिकाच्या अनेक वाचकांना आपल्या आईवडिलांची सोयरीक कोणत्या अग्रशाळेत ठरली हे ठाऊक असेल. देवळाचा मंडप देवापुरता आहे, माणसांना वेगळी जागा हवी, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. तेव्हा गरजेविषयी आमच्या मनात शंका नाही.

आता खर्च. कवळ्याचे आजचे देवालय शाहू महाराजांच्या कारकीर्दीतले. त्यासाठी खटपट करणारे नारोराम मंत्री यांनी केवळ चिरा आणि चुना पुरवून हात झटकले नाहीत. १७३९ साली कवळे गावच देवीस इनाम मिळवून दिला. इमारत एकदाच होते, उत्पन्न मात्र दरसाल लागते. पुढे १८८६ च्या नियमावलीने पोर्तुगीज सरकारने देवस्थानांचा कारभार महाजनांच्या संस्थांकडे बांधून दिला व १९३३ साली तीत सुधारणा केल्या. परक्या सरकारचा तो लगाम होता, त्याची चीड आपल्या वाडवडिलांस होती आणि ती योग्यच होती. तरीही, जमाखर्च लिहिल्यावाचून देवाची चाकरी होत नाही, ही शिस्त त्या लगामाने लागली, असे एक वकील म्हणून आम्हांस म्हणावेसे वाटते. रागावणाऱ्यांनी खुशाल रागवावे.

याहून जुना आणि याहून स्वच्छ दाखला नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघास लेणे दिले, त्याचा वर्ष ४२ चा लेख दहाव्या लेण्यात आहे. म्हणजे हे इसवी सनाचे दुसरे शतक. लेण्यास छप्पर गळण्याची भीती नाही. तरी उषवदाताने लेण्याबरोबर ३,००० कार्षापणांचा अक्षयनिधी ठेवला. त्यांपैकी २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे, असे स्पष्ट म्हटले आहे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ द्यावयाचे. हिशेब पैशापर्यंत जुळतो! शिवाय ८,००० नारळींचे दान आहे, ते वाचून कोकणी वाचकांच्या तोंडाला पाणी सुटावे. आणि शेवटी हे सारे निगमसभेत वाचून दाखवले व फलकावर नोंदवून ठेवले, असा उल्लेख आहे. निगमसभा म्हणजे नगरवासीयांची सभा. रक्कम कोणाकडे, दर काय, उपयोग कशासाठी, साक्षीदार कोण, नोंद कोठे, या पाच प्रश्नांची उत्तरे दगडावर आहेत. आमच्या पाच पानी अंदाजपत्रकात यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते.

मोठ्या शहरांनी तरी शहाणपण केले होते काय? मुंबईच्या टाउन हॉलची कल्पना १८११ साली निघाली. वर्गणी पुरेना म्हणून लॉटरी काढली, तीही पुरेना. अखेर कंपनी सरकारने हात दिला तेव्हा १८३३ साली ती भव्य पायऱ्यांची इमारत पुरी झाली. आमच्या गावास हात देणारे कंपनी सरकार नाही. म्हणून सभेत कोणीतरी सहज सुचवले, की देवळाचा निधी पडून आहे, त्यातून अर्धी रक्कम घ्यावी. पुष्कळ माना डोलल्या. आम्ही उभे राहिलो ते या ठिकाणी.

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यातील काही कलमे धार्मिक निधी मूळ हेतूहून वेगळ्या कामाकडे वळवण्याची मुभा देत. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा घटनाबाह्य ठरवली. दात्याने सांगितलेल्या धर्मकार्यास पैसा लावता येत असताना तो सरकारने वा न्यायालयाने इतरत्र नेणे, म्हणजे त्या संप्रदायाच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला, असा त्या निर्णयाचा आशय आहे. मध्य प्रदेशात १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा लागू आहे. जिल्हाधिकारी हे निबंधक असतात, आणि न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास वा गहाण ठेवण्यास त्यांची पूर्वपरवानगी लागते. जी गोष्ट सरकारला करता येत नाही ती पाच विश्वस्तांना बहुमताने करता येईल, हे आम्हांस मान्य नाही. तो निधी ज्यांनी दिला त्यांच्या पावत्या आम्ही पाहिल्या आहेत. एका पावतीवर ‘नंदादीपाच्या तेलासाठी’ एवढेच शब्द आहेत. देणारी बाई आज हयात नाही. तिचे तेल विटांत कसे ओतावे?

हे बोलल्यावर आमच्यावर सभागृहविरोधी असा शिक्का बसला, आणि ज्यांनी तो मारला ते आमचे जिवलग आहेत. आम्ही विरोधी नाही. आमचे म्हणणे इतकेच, की नकाशातील वरचा मजला, कारंजे आणि ग्रॅनाइटची फरशी काढून टाकावी. एक दालन, दोन खोल्या, स्वयंपाकाची ओटी आणि पावसाचे पाणी वाहून नेणारे उतरते छप्पर एवढ्यावर भागवावे. देवळाच्या निधीस हात न लावता नवी वर्गणी काढावी. जमेल तिचा एक भाग प्रथम बँकेत मुदतीने ठेवावा. त्याच्या व्याजातून वीज, कर, झाडलोट आणि मराठीच्या शिक्षिकेचे मानधन भागते असे कागदावर दिसल्यावाचून पायाची कुदळ मारू नये. चार वर्षे लागली तरी चालतील. तोवर मुलांचा वर्ग आमच्या कचेरीच्या माडीवर शनिवारी व रविवारी भरू शकतो; आमची पक्षकार मंडळी त्या दिवशी येत नाहीत.

न्यासपत्राचा मसुदा आम्ही लिहून दिला आहे. पहिल्या तीन कलमांत नाव, हेतू आणि विश्वस्तांची नेमणूक आली. चौथे कलम अक्षयनिधीचे आहे: रक्कम किती, कोणत्या बँकेत, व्याज कशावर खर्च व्हावे, आणि मुद्दल कोणीही, सर्वानुमतेसुद्धा, मोडू नये. रकमेची जागा तूर्त कोरी आहे. मसुदा टंकलिखित करून सर्व सभासदांकडे पाठवला असून त्यावर बोलण्यासाठी कार्तिकी एकादशीनंतरच्या रविवारी, देवळाच्या मंडपातच, सभा बोलावली आहे.