प्लीहा व पांढऱ्या कोशिका : विदर्भातील रोगेतिहास

प्लीहा (पानथरी) हे उदराच्या वरच्या डाव्या भागात, नवव्या ते अकराव्या बरगड्यांच्या आड असलेले मऊ, जांभळट इंद्रिय होय. प्रौढात तिची लांबी सु. 12 सेंमी. व वजन सु. 150 ग्रॅ. असते. निरोगी माणसात ती सहसा हाताला लागत नाही. बरगड्यांखाली लागली की ती वाढली आहे असे समजतात. तिच्या तांबड्या गरात जीर्ण तांबड्या कोशिका गाळल्या जाऊन नष्ट होतात, तर पांढऱ्या गरात लसीका कोशिका दाटीने असतात व रक्तातून आलेल्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्यास तेथे आरंभ होतो. पांढऱ्या कोशिका जंतू गिळून टाकतात, ही कल्पना इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या डिंभावरील 1882 च्या निरीक्षणांवरून मांडली. तिच्यासाठी त्यांना 1908 चे नोबेल पारितोषिक पाउल एरलिख यांच्यासमवेत मिळाले.

आयुर्वेदाने यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मूळस्थाने मानली असून चरकसंहितेतील आठ उदररोगांत प्लीहोदराचा अंतर्भाव आहे. लोकव्यवहारात मात्र मुलाचे पोट फुगले की ते डागण्याचा उपाय दीर्घकाळ चालत आला. बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या मेळघाटात ही प्रथा ‘डंभा’ या नावाने ओळखली जाते. तिने प्लीहा कमी होत नाही. भाजल्याच्या जखमेतून जंतुसंसर्ग मात्र होतो.

एकोणिसाव्या शतकात वाढलेली प्लीहा ही हिवतापाची खूण ठरली. 1845–47 मध्ये यमुनेच्या कालव्यांलगतच्या गावांची पाहणी करताना टी. ई. डेम्प्स्टर यांनी किती लोकांची प्लीहा हाताला लागते हे मोजले व त्यावरून गावाचे आरोग्य ठरविले. रोगाचे कारण ठाऊक नसतानाही ही मोजणी उपयोगी पडली. रॉनल्ड रॉस यांना डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी 1897 मध्ये सिकंदराबाद येथे आढळला, तरी प्लीहा चाचपण्याची रीत मागे पडली नाही. मुंबईतील हिवतापाविषयीच्या सी. ए. बेंटली यांच्या 1911 च्या अहवालाने शहरातील विहिरींकडे बोट दाखविले. त्या बुजविण्यास वा झाकण्यास धार्मिक कारणांवरून विरोध झाला.

या खुणेला एक कटू बाजूही होती. हिवतापाने वाढलेली प्लीहा ठिसूळ होते व धक्क्याने फुटू शकते. गोऱ्या मालकाच्या मारहाणीत नोकर दगावला की मृत्यूचे खापर त्याच्या रोगट प्लीहेवर फोडले जाई. आग्रा येथील फुलर या वकिलाच्या मारानंतर त्याचा मोतद्दार मरण पावला, तेव्हा दंडाधिकाऱ्याने केवळ 30 रुपये दंड केला. 1876 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी या निकालावर ठपका ठेवला, त्यावरून इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांच्यावरच टीकेची झोड उठविली. वैद्यकीय साक्ष खरी असूनही तिचा वापर अन्यायासाठी होऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत भिल्ल, कोरकू, निहाल इ. जमातींची वस्ती आहे. ओढ्यानाल्यांचा व रानाचा असा प्रदेश डासांना मानवतो. 1953 पासून राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि 1958 मध्ये निर्मूलनाचे ध्येय ठरले; परंतु 1976 मध्ये देशात पुन्हा सु. 64 लाख रुग्णांची नोंद झाली.

दरम्यान या खुणेचा दुसरा अर्थ पुढे आला. दात्र कोशिका (सिकलसेल) विकार भारतात प्रथम 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींत व आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत आढळला. 1958 मध्ये आर. एन. शुक्ल व बी. आर. सोळंकी यांनी नागपूर येथून मध्य भारतातील आढळ प्रसिद्ध केला. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आलेल्या मुलात तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होऊन प्लीहेत अडकतात. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत ती बहुधा बालपणीच आक्रसून निकामी होते. मध्य भारतातील अनेक रुग्णांत गर्भीय हीमोग्लोबिनाचे प्रमाण अधिक असल्याने ती बरीच वर्षे मोठी राहते. त्यामुळे सातपुड्यातील मुलाची वाढलेली पानथरी केवळ हिवतापाची समजणे धोक्याचे आहे. शिवाय दोन्ही रोगांचा परस्परसंबंध आहे : जनुक एकाच पालकाकडून आल्यास फॅल्सिपेरम हिवतापाच्या तीव्र स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते. हे ए. सी. ॲलिसन यांनी 1954 मध्ये दाखविले. हिवतापग्रस्त प्रदेशांत हा जनुक टिकून राहिला तो यामुळेच.

प्लीहा मोठी असली तरी ती काम करीतच असते असे नाही. ती निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या कोशिकांची संख्या पुष्कळदा वाढलेली दिसते (प्रौढात प्राकृत संख्या दर घ. मिमी.स सु. 4,000 ते 11,000). तरीही फुप्फुसगोलाणूसारख्या आवरणयुक्त जंतूंपुढे तो दुबळाच असतो, कारण रक्तातून ते गाळून पकडण्याची जागाच राहिलेली नसते. म्हणून साधा वाटणारा ताप अशा बालकास काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. 1986 मध्ये अमेरिकेतील चाचणीने लहानपणापासून पेनिसिलीन दिल्यास हा धोका पुष्कळ घटतो हे सिद्ध केले. लसीकरणही तितकेच आवश्यक आहे. दुसरे संकट म्हणजे प्लीहेत एकाएकी रक्त साठून ती झपाट्याने फुगणे. जमेकात ग्रेअम सरजंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातांनाच मुलाची प्लीहा चाचपण्यास शिकविले व या कारणाने होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी झाले. पाहणीदाराच्या हातातील जुनी मोजणी येथे आईच्या हाती आली.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी करण्याचे योजिले आहे. विद्राव्यता चाचणीत दोष आढळल्यास विद्युत् संचारण वा तत्सम पद्धतीने खात्री करून वाहक कोण व रोगी कोण हे ठरवितात.