कोपरा गहाळ

मोजणीदार म्हणून माझी ३४ वर्षं साखळी, टिपण, फाळणी आणि हद्दीच्या खुणा यांत गेली. नकाशा उलगडला की आजही नजर आधी कोपऱ्यांवर जाते. वाळवी तिथूनच सुरुवात करते. कोपरा नसला की रजिस्टरातला शेरा ठरलेला: ‘नकाशा जीर्ण, कोपरा गहाळ.’

ह्यू ब्रॉडी यांच्या ‘मॅप्स अँड ड्रीम्स’ (१९८१) या पुस्तकात असाच एक नकाशा भेटला.

मुलूख कॅनडातला, ब्रिटिश कोलंबियाच्या ईशान्येचा. तिथले डॅने-झा लोक मूळचे शिकारी. १९०० साली ते सरकारशी झालेल्या तह क्रमांक ८ मध्ये सामील झाले, ते शिकार आणि मासेमारी पूर्वीसारखी चालू राहील या भरवशावर. पुढे अलास्का महामार्ग आला, तेलविहिरी आल्या, १९६८ साली पीस नदीवर मोठं धरण झालं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस महामार्गालगत वायुवाहिनी टाकायचं घाटत होतं, त्याच्या सुनावणीसाठी अधिकारी वस्तीवर आले.

ब्रॉडींनी तोवर शिकाऱ्यांकडून सरकारी नकाशांवर खुणा करून घेतल्या होत्या: शिकार कुठे केली, मासे कुठे धरले, बोरं कुठे वेचली, तळ कुठे टाकला. हे काम मला लगेच कळलं. आमच्या भाषेत ही वहिवाट.

पण सुनावणी संपत आली तेव्हा म्हाताऱ्यांनी मूस हरणाच्या कातड्यातलं एक गाठोडं आत आणलं. आत टेबलाएवढा नकाशा, वर्षानुवर्षं घडी घातलेला, रंगीत खुणांनी भरलेला. प्राण्यांच्या वाटा होत्या, स्वर्गाची वाटही होती, आणि सगळं स्वप्नात पाहिलेलं. चांगल्या शिकाऱ्याला आधी स्वप्नात वाट दिसते, मग तो त्या वाटेनं जनावरापर्यंत पोचतो. त्याहून मोठे स्वप्नद्रष्टे स्वर्गाच्या वाटेपर्यंत जाऊन येतात. त्यांच्यातले शेवटचे मानले जाणारे चार्ली याही १९७६ साली वारले. त्यांची गाणी आणि बोलणं रॉबिन रिडिंग्टन यांनी टेपवर धरून ठेवलं आहे.

नकाशाचा एक कोपरा नव्हता. तो कसा खराब झाला, असं एका अधिकाऱ्यानं विचारलं. मीही तेच विचारलं असतं. उत्तर मिळालं: एक माणूस मेला, त्याला स्वर्गाची वाट सहजी सापडली नसती, म्हणून नकाशाच्या धन्यानं तेवढा तुकडा कापून त्याच्यासोबत पुरला.

त्या खोलीत स्वप्नाचा पुरावा कुठल्या रकान्यात भरायचा, हे कुणाला ठाऊक होतं? आता विद्यापीठांत तो रकाना आखला जातो आहे, आणि आखणारे तिथल्या मूळनिवासी समाजांतलेच आहेत. क्री आणि सोल्टो वंशाच्या मार्गारेट कोव्हॅक यांनी २००९ च्या आपल्या संशोधनपद्धतीवरच्या पुस्तकात स्वप्नांना ज्ञानाचा मार्ग म्हणून जागा दिली. कोर्टात मात्र अजून वहिवाटच चालते. २०२१ साली ब्लूबेरी रिव्हर या डॅने-झांच्याच एका गटानं खटला जिंकला, तो एकामागून एक आलेल्या उद्योगांनी तहातले हक्क पोकळ केले, या मुद्द्यावर.

आमच्या रजिस्टरात वापरून संपलेल्या नकाशासाठी शेराच नव्हता. वाळवीनं खाल्लेला, भिजलेला, हरवलेला, एवढेच प्रकार. तो नकाशा माझ्या टेबलावर आला असता, तर मी सवयीनं ‘गहाळ’ लिहून मोकळा झालो असतो. आज लिहीन: ‘कोपरा कामी आला.’