गाजरगवत आणि श्रमदानाचे वेळापत्रक

महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण म्हणून १८२८-२९ च्या सुमारास वसले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावावरून तिथल्या पेठेला माल्कमपेठ म्हणू लागले. साहेब डोंगरावर आला तो एकटा आला नाही. त्याच्याबरोबर बटाटा आला, स्ट्रॉबेरी आली, बंगल्याभोवतीची फुलझाडे आली. भाजीचे मळे पिकवायला तुरुंगातले चिनी कैदी होते. पुढे पाचगणीत जॉन चेसन यांनी परदेशी झाडे लावली. तिथले सिल्व्हर ओक आजही प्रवाशांना दिसतात. १८६० च्या दशकात सरकारने लिंगमळ्याजवळ सिंकोनाची लागवड करून पाहिली. मलेरियावरचे क्विनीन या झाडाच्या सालीपासून मिळते, म्हणून सरकारला तिची मोठी आस होती. पण सरकारी देखभाल असूनही सिंकोना तिथे टिकला नाही.

परक्या मुलखातून आणलेली प्रत्येक वनस्पती रुजतेच असे नाही, हे यावरून दिसते. बहुतेक वनस्पती रुजत नाहीत. ज्या रुजतात त्यांतल्याही बऱ्याच माणसाने लावले तिथेच राहतात. फार थोड्या कुंपण ओलांडून बाहेर पडतात. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेली घाणेरी ही त्यांतली एक. तिला आपण टणटणीही म्हणतो. आणि जिला कोणी कधी मुद्दाम लावले नाही अशी दुसरी वनस्पती म्हणजे गाजरगवत.

महाबळेश्वरच्या पठारावरच्या गर्द जंगलात गाजरगवत फारसे शिरत नाही. त्याला भरपूर ऊन आणि उघडी, उकरलेली माती लागते. पण पसरणीचा घाट उतरून वाईकडे आलो, की पाऊस झपाट्याने कमी होतो, झाडी विरळ होते आणि रस्त्याच्या कडेला, पडीक शेतात, उकिरड्यावर, शाळेच्या कुंपणाशी पांढऱ्या बारीक फुलांचा हा गुच्छ दिसू लागतो. तिथून पुण्यापर्यंत तो आपली सोबत सोडत नाही. भारतातला त्याचा नोंदलेला इतिहासही मुख्यतः पुण्यापासूनच सुरू होतो.

पुण्यात प्रा. परांजपे यांना १९५१ साली कचऱ्याच्या ढिगांवर या झाडाची तुरळक रोपे दिसली. पुढे आर. एस. राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘भारतासाठी नवी नोंद’ म्हणून ते प्रसिद्ध केले. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, मूळ मुलूख मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्याच कुळातले हे झाड. म्हणजे नावात गवत असले तरी ते गवत नव्हे. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली, म्हणून गाजरगवत.

दुसरे नाव ‘काँग्रेस गवत’. त्याची दोन स्पष्टीकरणे ऐकायला मिळतात. फुले पांढऱ्या टोपीसारखी दिसतात, हे एक. काँग्रेसच्या राजवटीत अमेरिकेहून पी.एल. ४८० कायद्याखाली जो गहू आला त्यातून हे बी आले, हे दुसरे. दुसरे स्पष्टीकरण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की पाठ्यपुस्तकाबाहेरचे ज्ञान म्हणून शिक्षकही ते वर्गात सांगतात. पण तारखा शेजारी मांडून पाहाव्यात. अमेरिकेचा तो कायदा १९५४ सालचा. त्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. परांजपे यांना रोपे दिसली १९५१ साली. शिवाय डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात ब्रँडिस यांनी १८८० साली गोळा केलेला नमुना असल्याचे १९७८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा ‘हे झाड पी.एल. ४८० च्या गव्हाबरोबर पहिल्यांदा भारतात आले’ हे विधान टिकत नाही. पुढे धान्याच्या जहाजांतून आणखी बी आले असेल, आणि धान्य देशभर वाटले गेले तसे तेही पसरले असेल. ही शक्यता मात्र नाकारता येत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या एका भागात १९६० च्या सुमारास टेक्सासहून आणलेल्या गवताच्या बियाण्यातून हेच झाड शिरले. भेसळीच्या बियाण्यातून तण पसरते हे खरेच आहे. आपल्या कथेत चूक आहे ती आरंभाच्या वर्षाची.

तणाला नाव देताना माणसे अपराधीही ठरवून टाकतात. बंगालमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात जलपर्णीला ‘जर्मन पाना’ म्हणत, कारण तेव्हा शत्रू जर्मन होता. या जलपर्णीने बंगालच्या नद्या-खाड्या आणि भातखाचरे अडवली, तेव्हा १९३६ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला. १९३७ च्या निवडणुकीत तिचे निर्मूलन हा प्रचाराचा विषय बनला. निवडून आलेल्या फजलुल हक यांच्या सरकारने १९३९ साली जलपर्णी सप्ताह पाळला. गावोगावचे लोक पाण्यात उतरले आणि हातांनी ती वनस्पती ओढून काठावर टाकू लागले. आपल्या उपखंडात एखाद्या परक्या वनस्पतीविरुद्ध इतकी माणसे एकाच वेळी उतरल्याचे त्याआधीचे उदाहरण मला माहीत नाही. बंगालच्या पाण्यात जलपर्णी आजही आहे. त्या लोकांचे कष्ट वाया गेले असे मी म्हणणार नाही, त्या हंगामात अनेक गावांचे जलमार्ग मोकळे झाले असणार. पण सप्ताह संपतो आणि वनस्पती वर्षभर वाढते, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे गाजरगवताविरुद्ध लोक उतरले ते १९७० च्या दशकापासून. कर्नाटक सरकारने १९७५ साली ते उपद्रवी तण म्हणून जाहीर केले. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली होती. तिच्या शिबिरांमधून, शाळांच्या श्रमदानातून, तरुण मंडळांच्या स्वच्छता मोहिमांतून गाजरगवत उपटणे हा ठरलेला कार्यक्रम होऊन बसला. २०००-०१ साली महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील सांगली जिल्ह्याचे. त्या अभियानात गावे झाडली गेली, उकिरडे हलवले गेले. माझ्या मते गाजरगवताच्या दृष्टीने उकिरडा हलवणे हे उपटण्यापेक्षा मोठे काम होते. त्याची आवडती जागाच त्यामुळे गेली, पण त्याची नोंद गाजरगवताच्या खात्यावर कोणी केली नाही.

उपटणाऱ्यांच्या हातांचे काय झाले, हेही पाहायला हवे. पुण्यात लोणकर आणि जोग यांनी १९६८ साली या झाडामुळे झालेल्या त्वचादाहाचा रुग्ण नोंदवला. १९७४ साली लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी अशा रुग्णांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पापण्या, चेहरा, मान, कोपराची लवण अशा ठिकाणी कातडी लाल होते, खाजते आणि पुढे जाड, काळपट होते. दोषी रसायन पार्थेनिन. ते झाडाच्या केसाळ लवेत असते. वाळलेल्या झाडाचे कण हवेतून येऊन चिकटले, तरी त्रास होतो. यातली फसवी गोष्ट अशी, की पहिल्या स्पर्शाला बहुधा काहीच होत नाही. वारंवार संपर्क आल्यावर काही माणसांचे शरीर त्या रसायनाला ओळखू लागते आणि मग थोड्याशा स्पर्शानेही अंग पेटते. ‘आमची मुले दरवर्षी उपटतात, कोणाला काही होत नाही’ हा मुख्याध्यापकांचा दाखला म्हणूनच पुरेसा नाही. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडावर रुमाल नसेल, तर मुलांना हे काम सांगूच नये. दमा किंवा त्वचेचा त्रास असलेल्या मुलांना तर हातमोजे घालूनही नको.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वाई तालुक्यातल्या एका गावात मी अशीच मोहीम पाहिली. मुले उत्साहात होती. पांढऱ्याशुभ्र फुलांनी लदलेली कमरेएवढी झाडे उपटून, भारे करून, ती मैदानातून पलीकडच्या ओढ्याकाठी नेत होती. हात उघडे होते. भारा जाईल त्या वाटेवर काळे बारीक बी सांडत होते. ते मोहरीपेक्षाही लहान, एखाद-दोन मिलिमीटरचे असते, त्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही. ओढ्याकाठी टाकलेला ढीग पुढच्या पावसात खालच्या शेतांकडे वाहत जाणार, हे उघड होते.

याचा हिशेब मुलांकडूनच करून घेता येईल. एक चांगले वाढलेले झाड १० ते २५ हजार बिया देऊ शकते. समजा मैदानात १,००० झाडे आहेत आणि आपण त्यांतली ९५० उपटली. कोणीही शाबासकी देईल असे काम. राहिलेल्या ५० झाडांनी दहा हजारांच्या हिशेबाने बी टाकले, तर मातीत ५ लाख बिया पडतात. त्यांतल्या हजारांत दोनच उगवून जगल्या, तरी पुढच्या वर्षी पुन्हा १,००० झाडे तयार! शिवाय सगळ्या बिया एकदम उगवत नाहीत. खोल गेलेल्या काही वर्षे मातीत जिवंत राहतात आणि कोणी खड्डा खणला, रस्त्याची कड उकरली, की वर येतात. झाड वरच्यावर कापले तर बुडातून पुन्हा फुटते, ते वेगळेच.

आता वेळापत्रक पाहा. जूनच्या पावसाबरोबर बी रुजते. चार ते सहा आठवड्यांत, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धापासून, फुले दिसू लागतात. आपली श्रमदाने येतात कधी? १५ ऑगस्टच्या आसपास, २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजना दिनी आणि २ ऑक्टोबरला. याचे कारण नुसते पंचांग नव्हे. पांढरी फुले आल्याशिवाय गाजरगवत आपल्या डोळ्यांत भरतच नाही. जुलैच्या आरंभी ते जमिनीला चिकटलेले हिरवे चक्र असते. ते ओल्या मातीतून मुळासकट सहज निघते, त्याला बी नसते, त्याचे खतही बिनधास्त करता येते. पण त्या वेळी त्याच्याविरुद्ध मोहीम काढायचे कोणाला सुचत नाही. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेने देशभर सुरू केलेला गाजरगवत जागृती सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला असतो. ऑक्टोबरपेक्षा तो नक्कीच बरा. आपल्या सातारा-सांगलीच्या शाळांनी मात्र त्याच्याही महिनाभर आधी निघावे असे मला वाटते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच जागी पुन्हा जावे. पाऊस पडेल तसे नवे बी रुजत राहते.

हातांशिवाय दुसरे स्वयंसेवकही आहेत. मेक्सिकोतून १९८३ साली बंगळूरला झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगेरा आणला गेला. चाचण्यांनंतर के. पी. जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली तो मोकळ्यावर सोडला. पाच-सहा मिलिमीटर लांब, मळकट पांढऱ्या पंखांवर गडद तपकिरी नागमोडी रेघा. अळी आणि प्रौढ दोघेही गाजरगवताची पाने फस्त करतात. फड्या निवडुंगाचा दक्षिण भारतात १९२० च्या दशकात कोचिनील किड्यांनी जसा फडशा पाडला, तसेच इथेही होईल अशी आशा होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी हा भुंगेरा सूर्यफूल खातो असे वृत्त आले आणि त्याच्या प्रसाराला खीळ बसली. पुढे तपासाअंती सूर्यफुलाला त्याचा म्हणण्यासारखा धोका नसल्याचे दिसून आले. पावसाळ्यात तो काम करतो, थंडीत जमिनीत जाऊन निपचित पडतो. गाजरगवत मात्र ओल मिळाली की हिवाळ्यातही उगवते. निवडुंगाची पुनरावृत्ती झाली नाही ती यामुळे.

धारवाडकडे १९८० च्या दशकात तिसरी गोष्ट दिसली. टाकळ्याच्या जातीचे, पिवळ्या फुलांचे सेन्ना युनिफ्लोरा हे झाड गाजरगवताला दाटीने मागे सारत होते. काहींनी त्याचे बी मुद्दाम पसरवायचा सल्ला दिला. पण तेही अमेरिकेतलेच आणि आज दख्खनच्या पडीक जमिनींवर त्याचाच सुकाळ आहे. मला हा सल्ला तेव्हाही पटला नसता. उपटलेली जागा मोकळी सोडू नये हे खरे, पण ती भरायला आपला टाकळा आहे, गावचे गवत आहे.

महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. तिथे काही करायचे तर आधी रस्त्याच्या कडा पाहाव्यात. वाहनांच्या चाकांचा चिखल, बाहेरून आणलेली माती आणि चाऱ्याच्या पेंढ्या यांबरोबर बी प्रवास करते. खाली वाईत शंभर झाडे उपटण्यापेक्षा वर उघड्या कडेला नव्याने दिसलेली पाच झाडे फुलापूर्वी काढणे अधिक फलदायी, कारण तिथल्या मातीत अजून बियांचा साठा नाही.

मातीतला हा साठा वर्गात दाखवता येतो. मागच्या वर्षी ‘साफ’ केलेल्या मैदानाच्या एका कोपऱ्यातून वीतभर लांब-रुंद चौकोनातली दोन बोटे खोल माती मे महिन्यात आणावी. दुसरी तेवढीच माती जिथे गाजरगवत कधी नव्हते अशा झाडाखालून आणावी. दोन पसरट डब्यांत त्या पसरून रोज पाणी द्यावे. कातरलेल्या पानांची रोपे ओळखू आली, की हातमोजे घालून काढावीत आणि तारखेसह वहीत मांडावीत. एकदा सगळी काढल्यावर माती खालीवर करून पुन्हा पाणी द्यावे आणि पुन्हा मोजावे. दोन महिन्यांनी दोन्ही डब्यांचे आकडे फळ्यावर शेजारी लिहावेत, आणि पुढच्या मेमध्ये त्याच कोपऱ्यातली माती पुन्हा आणावी.