विकत घेतलेला समुद्र : प्रवाळ-मत्स्यालयांच्या ऊर्जाखर्चाचा इतिहास

प्रवाळ, म्हणजेच पोवळी, हे चुनखडीचे सांगाडे रचणारे लहान सागरी प्राणी असून त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या रचनेतून प्रवाळभित्ती उभी राहते. अशी भित्ती काचेच्या टाकीत जगवायची, तर वरून ऊन देणे, पाणी सतत हलते ठेवणे आणि अफाट साठ्याच्या बळावर तापमान स्थिर राखणे ही समुद्र फुकट करीत असलेली तीन कामे माणसाला पदरमोड करून करावी लागतात. ही पदरमोड आधी अंगमेहनतीच्या रूपाने झाली, मग कोळशाच्या आणि शेवटी विजेच्या. आज मोठ्या प्रवाळ-मत्स्यालयाच्या खर्चात विजेचे बिल ठळकपणे डोळ्यांत भरते. परंतु त्या बिलातील प्रत्येक रकमेमागे दीड-पावणेदोन शतकांचा इतिहास आहे, आणि तो पाहू गेल्यास असे दिसते की खर्चाला खरा आळा बसला तो बहुधा नवे यंत्र आणल्याने नव्हे, तर आधीचे एखादे यंत्र मुळात कशासाठी चालवले जात आहे हा प्रश्न कोणीतरी विचारल्याने.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडमध्ये होतो. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी डेव्हन परगण्यातील टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही कठीण प्रवाळ लंडनला नेले. वाटेत ते हिंदकळू नयेत म्हणून ते सुईदोऱ्याने स्पंजावर टाचून बरणीत ठेवले होते. समुद्र दूर असल्याने पाणी वारंवार बदलणे शक्य नव्हते, म्हणून उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतण्याचे काम घरातील मोलकरणीला देण्यात आले आणि हे काम रोज अर्धा ते पाऊण तास चाले. ओतताना पाण्यात हवा मिसळते आणि प्राण्यांना प्राणवायू मिळतो, हे तत्त्व आजच्या पंपांचेही आहे. प्रवाळ-मत्स्यालयाचा पहिला पंप अशा रीतीने एका नोकर स्त्रीचे दोन हात होते. त्या हातांच्या मालकिणीचे नाव मात्र या कथेबरोबर सांगितले जात नाही. पुढल्या वर्षी थिनबाईंनी बरणीत समुद्री शैवाल ठेवले, आणि त्याने सोडलेल्या प्राणवायूमुळे या कष्टांचा काही भाग वाचला. ऊर्जाबचतीचा हा पहिला प्रयोग म्हणता येईल.

शैवाल आणि प्राणी एकमेकांना पुरे पडू शकतात या कल्पनेला शास्त्रीय रूप दिले ते रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. १८५० मध्ये त्याने मासे, पाणवनस्पती व गोगलगाई यांचा समतोल साधलेल्या टाकीचे वर्णन प्रसिद्ध केले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचा मत्स्यालयावरील ग्रंथ आला, आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्यांची लाट उसळली. ती लवकरच ओसरली, कारण समतोलाचा सिद्धांत लहान टाकीत फार हळवा ठरतो. दोन दिवस उकाडा वाढला की पाणी नासते आणि समतोल कागदावर राहतो.

त्या फसलेल्या टाक्यांतून योग्य धडा घेणारा माणूस म्हणजे विल्यम आल्फर्ड लॉइड. १८६४ मध्ये हँबर्गच्या आणि १८७१ मध्ये लंडनजवळच्या सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात त्याने जी पद्धत राबवली, तिचा गाभा प्रेक्षकांच्या नजरेस पडतच नसे. दर्शनी टाक्यांच्या खाली, जमिनीच्या पोटात, त्या सगळ्या टाक्यांच्या एकत्रित पाण्याहून कितीतरी अधिक पाणी सामावणारे अंधारे हौद होते, आणि वाफेच्या इंजिनावर चालणारे पंप या हौदांतील पाणी वर चढवून पुन्हा खाली आणीत. अंधारात शैवाल माजत नाही, साठा मोठा असल्याने मेलेल्या प्राण्याची घाण सौम्य होते, आणि जमिनीखालचे पाणी उन्हाळ्यात तापत नाही व हिवाळ्यात गारठत नाही. कोळसा जळत होता तो केवळ पाणी फिरवण्यासाठी. थंडाव्याचे काम जमिनीकडेच सोपवलेले होते. लॉइडच्याच सल्ल्याने नेपल्स येथे आंटोन डोर्न याने स्थापन केलेल्या प्राणिशास्त्रीय केंद्राचे मत्स्यालय बांधले गेले व १८७४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. एकोणिसाव्या शतकातील या अभियांत्रिकीचे कौतुक वास्तुकलेच्या इतिहासात अधिक होते. ऊर्जेच्या हिशेबातील तिचे शहाणपण मात्र पुढे जवळजवळ शंभर वर्षे दुर्लक्षित राहिले.

तथापि लॉइडच्या टाक्यांत उष्ण कटिबंधातील भित्ती बांधणारे प्रवाळ नव्हते, आणि थिनबाईंचे प्रवाळही थंड पाण्यातले, उन्हावर न जगणारे होते. भित्ती बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहते. कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये त्याला हे नाव दिले. हे शैवाल उन्हावर अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा यजमान प्रवाळाला देते, म्हणून अशा प्रवाळाला प्रकाश म्हणजे शोभा नसून जेवण असते. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे प्रवाळ जगवण्यात पहिले भरीव यश उष्ण कटिबंधातच का आले, हे उमगते. १९५६ मध्ये न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे रने कातालाने उभारलेल्या मत्स्यालयात शेजारच्या समुद्राचे पाणी सतत खेळते असे, आणि जकार्ताच्या ली चिन एंग याने १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकातून जगापुढे मांडलेल्या ‘निसर्गाच्या पद्धती’त तर समुद्रातून आणलेले जिवंत खडक, वाळू, खिडकीतले ऊन आणि हवेचे मंद बुडबुडे याखेरीज काहीच नव्हते. ‘जिवंत खडक’ म्हणजे जिवाणूंनी व सूक्ष्म जीवांनी भरलेला सच्छिद्र चुनखडक; माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनिया हे जिवाणू पचवून टाकतात. एंगच्या टाकीला गाळणी लागत नसे, आणि वीज लागत असेलच तर अगदी नाममात्र.

जकार्ताचे ऊन बर्लिनमध्ये मिळणार नव्हते. १९७० व १९८० च्या दशकांत बर्लिनमध्ये डीट्रिख श्ट्यूबर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एंगचे खडक घेतले आणि त्यांना दोन यंत्रांची जोड दिली. एक होते प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडून सेंद्रिय घाण फेसाबरोबर वर काढून टाकणारे नळकांडे. दुसरा होता मेटल हॅलाइड दिवा, जो क्रीडांगणे व कारखाने उजळणाऱ्या दिव्यांचाच भाऊबंद आहे. ‘बर्लिन पद्धत’ या नावाने ती ओळखली गेली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट या डच लेखकाच्या लेखमालेने अमेरिकेत प्रवाळटाकीचे वेड पसरवले. स्मिटची गाळणी वेगळ्या जातीची होती, परंतु भपकेदार प्रकाशाची ओढ दोन्हीकडे सारखीच होती.

इथून पुढे वीजबिलाचा खरा इतिहास सुरू होतो. हजार लिटरच्या टाकीवर ४०० वॅटचे तीन मेटल हॅलाइड दिवे रोज दहा तास लावले तर १२ युनिट वीज खर्च होते. या विजेचा थोडा भाग प्रकाश होतो, बाकीची उष्णता होते, आणि प्रकाशही पाण्यात शोषला गेल्यावर शेवटी उष्णताच बनतो. प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सियस तापमान मानवते. त्यापलीकडे काही अंश चढले आणि तसेच टिकून राहिले की ते आपले शैवाल बाहेर टाकून पांढरे पडतात. तेव्हा ही उष्णता काढण्यासाठी चिलर, म्हणजे शीतकपेटीच्या तत्त्वावर पाणी थंड करणारे यंत्र, बसवावे लागे, आणि ती सगळी पाण्यात उतरली असे धरल्यास तीन युनिट उष्णता बाहेर काढायला एक युनिट या हिशेबाने आणखी चार युनिट लागत. दिव्याचे बिल भरायचे आणि मग त्याच दिव्याची उष्णता हुसकावण्याचेही बिल भरायचे, असा हा दुहेरी भुर्दंड दोन दशके निमूटपणे सोसला गेला. चिलरने पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडली आणि ती खोली वातानुकूलित असली, म्हणजे तर भुर्दंड तिहेरी होई.

मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत काही जणांनी वेगळी वाट धरली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी याने १९८० मध्ये लोकांपुढे मांडलेल्या प्रवाळभित्तीत पाणी शुद्ध करण्याचे काम उथळ तबकातील जाळीवर वाढवलेल्या शैवालाच्या गवतासारख्या थराकडे दिले. हा थर वेळोवेळी खरवडला की पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस त्याच्याबरोबर निघून जात. कल्पना सुंदर होती. फक्त इमारतीच्या आत तिलाही दिवेच लागत. मोनॅकोमध्ये जाँ जोबेर याने जाड वाळूच्या थराखाली साचलेल्या पाण्याचा एक कप्पा ठेवून, कोणताही पंप न लावता, प्राणवायूविरहित थरातील जिवाणूंकरवी नायट्रेटचा निचरा साधला. जिथे इतर लोक गाळण्या वाढवीत होते तिथे जोबेरने गाळणीच काढून टाकली.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातील टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये ग्रेट बॅरियर रीफ मरीन पार्क प्राधिकरणाने उघडलेले मत्स्यालय, जे पुढे ‘रीफ एचक्यू’ या नावाने ओळखले गेले, हे या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण होय. त्याची मुख्य प्रवाळटाकी २५ लाख लिटरची, आणि आकाशाखाली उघडी. प्रकाशाचा सर्वांत जड खर्च अशा रीतीने नकाशावरच पुसला गेला. पाणी शुद्ध करण्यासाठी आरंभी एडीची शैवाल-तबके होती, आणि समुद्राची हालचाल आणण्यासाठी लाटा निर्माण करणारे यंत्र. शैवाल-तबकांच्या पद्धतीत पाण्याला पिवळट झाक येते हा तिचा सर्वत्र अनुभवास आलेला दोष आहे, आणि टाउन्सव्हिलमध्येही ती पद्धत कायमची टिकली नाही. परंतु उघड्या आकाशाचा निर्णय टिकला.

हालचालीचा खर्च हे या कथेतील सर्वांत कमी बोलले गेलेले प्रकरण आहे. पाणी उंच चढवणे आणि पाणी जागच्या जागी ढवळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तासाला १०,००० लिटर पाणी दीड मीटर चढवायला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ४१ वॅट लागतात, आणि पंपाची अकार्यक्षमता व नळांतील घर्षण धरले तर प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट. तेवढेच पाणी टाकीच्या आतल्या आत सरकवायला याचा अंशच पुरतो. तरीही जुन्या टाक्यांत सगळा प्रवाह खालच्या हौदातून चढवून अरुंद तोट्यांतून फवारला जाई. होनोलुलूच्या वाइकीकी मत्स्यालयातील ब्रूस कार्लसन याने यावर साधा तोडगा काढला : उंचावरची एक टाकी लहान पंपाने हळूहळू भरायची, ती काठोकाठ आली की सायफनने एकदम रिकामी होऊन लाट उसळायची. पुढे २००० नंतर, पाण्यात बुडालेल्या रुंद पात्याचे प्रोपेलर पंप आले आणि जुन्या पंपांच्या थोड्याशाच विजेत मोठा प्रवाह मिळू लागला. वेग कमी-जास्त करता येणाऱ्या मोटरींनीही हातभार लावला, कारण पाणी उंच चढवायचे नसेल तेव्हा पंपाची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्म्यावर येते.

दिव्यांची क्रांती जपानमधून आली. १९९० च्या दशकारंभी तेजस्वी निळा एलईडी शक्य झाला, ज्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा प्रकाश पाण्यात खोलवर जातो आणि झूझँथेलीला नेमका तोच लागतो, त्यामुळे प्रवाळ-मत्स्यालयाला हा दिवा जणू मापाचा मिळाला. २००६-०७ च्या सुमारास अशा दिव्यांचे पहिले संच बाजारात आले. अमेरिकेत पेटंटाच्या वादाने त्यांचा प्रसार काही काळ रोखला, आणि प्रवाळांचा रंग उतरतो अशी तक्रार जुने शौकीन बराच काळ करीत राहिले, जी सुरुवातीच्या ओबडधोबड संचांपुरती निराधारही नव्हती. दिव्यांचा वीजवापर बराच घटला. मात्र थंड देशांत एक गंमत झाली : मेटल हॅलाइड दिवे ज्या टाक्या नकळत तापवीत होते, त्यांना आता हिवाळ्यात स्वतंत्र हीटर लागू लागले, आणि कागदावरची बचत बिलात पूर्ण उतरली नाही.

उष्ण देशांत हिशेब उलटा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता निघून जाते, आणि पृष्ठभागावर वारा घालणारा काही वॅटचा पंखा हे काम करू शकतो. माठातले पाणी गार राहते ते याच कारणाने. परंतु माठ जसा विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात खुलतो तसा मुंबईच्या दमट हवेत खुलत नाही, आणि पंख्याचेही तसेच. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय अरबी समुद्राच्या काठावरच उभे राहिले, तरी हवेतील हा दमटपणा किनाऱ्याबरोबरच येतो. कोकणपट्टीत प्रवाळ पाळणाऱ्याला पावसाळ्यात चिलर टाळणे कठीण. तिथे बचतीचा मार्ग म्हणजे आत शिरणारी उष्णताच कमी करणे, मग ती दिव्याची असो, पाण्यात बुडालेल्या पंपाची असो, की पत्र्याच्या छताची.

टाउन्सव्हिलमध्ये याच दिशेने काम झाले. २००५-०६ नंतरच्या काही वर्षांत वातानुकूलन व इमारतीची नियंत्रणव्यवस्था सुधारून आणि छतावर सौर पटले बसवून तिथला एकूण वीजवापर सुमारे निम्म्यावर आणला गेला. दिव्यांकडून वाचवण्यासारखे त्या टाकीत फारसे काही नव्हते, कारण ती पहिल्यापासून उन्हातच होती. वाचले ते मुख्यतः माणसांच्या थंडाव्यात. २०२१ मध्ये पुनर्बांधणीसाठी मत्स्यालय बंद होईपर्यंत तेच ऊन टाकीतील प्रवाळांना थेट आणि पटलांवाटे विजेच्या रूपाने इमारतीला मिळत राहिले.