खिशातलं पिस्तूल आणि सहा ग्रॅमची गोळी

कोल्हापुरात नेमबाजीचा विषय निघाला की राही सरनोबतचं नाव येतंच. 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिनं 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. तिची काडतुसं .22 बोअरची. कागदाला भोक पाडायला तेवढी पुरे! पण खिशात मावेल असं संरक्षणाचं हत्यार करायचं म्हटल्यावर बनवणाऱ्यांना वेगळाच पेच पडला. पिस्तूल लहान आणि गोळी दमदार, हे जमवायचं कसं?

उत्तर शोधलं जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसानं, बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी. 1899 चं त्याचं .32 चं काडतूस म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपासची गोळी, वेग सेकंदाला साधारण 275 मीटर. दाब असा बेताचा असला की पिस्तुलाला गुंतागुंतीची कुलूपबंद रचना लागत नाही, सरकत्या स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांवर भागतं. म्हणूनच हत्यार चपटं आणि हलकं. खोट एवढीच की काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली. मॅगझिनमध्ये कडा एकमेकींत अडकल्या की पिस्तूलही अडायचं.

1905 साली .25 आली. ताकद जवळपास .22 एवढीच. मग हवी कशाला? तर .22 मध्ये पेट घेणारी दारू बुडाच्या कडेत असते, आणि कधी कधी बार फुसका जातो. .25 मध्ये ती मध्यभागी टोपीत असते, त्यामुळे भरवसा जास्त. 1908 च्या .380 मध्ये बाहेर आलेली कडही गेली, गोळी सहा ग्रॅमची झाली आणि ताकद .32 च्या दीडपट. यापुढे जायचं तर स्लाइड जड करा नाहीतर कुलूप घाला. मग खिसा विसरा!

ही सगळी आकडेमोड आपल्याकडे फार लवकर पोचली. 1909 मध्ये लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यातून 20 ब्राउनिंग पिस्तुलं मुंबईला आली, आणि त्याच वर्षी 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तूल लहान नसतं तर पेटीत लपलं नसतं, आणि नाटकाच्या गर्दीतही नाही.

30 जानेवारी 1948 ला नथुराम गोडसेच्या हातात होतं इटालियन बेरेटा. त्याचं काडतूस 9 मिमी कोर्तो, म्हणजे तीच .380. तीन गोळ्या. दिल्लीत गांधीजी गेले आणि इकडे महाराष्ट्रात कटाशी काडीचा संबंध नसलेल्या अनेक ब्राह्मण कुटुंबांची घरं पेटली. आपल्या कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला.

आज आपल्याकडे बोअर निवडतो तो बहुतांशी कायदा. सामान्य परवानाधारकाला 9 मिमी बंद, .32 चालते. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीचं ब्राउनिंगचं काडतूस अजून नोकरीवर आहे.

कागदावर मोजायचं तर .380 च्या गोळीची ऊर्जा सुमारे 260 ज्यूल, म्हणजे एक किलोचं वजन साडेसव्वीस मीटर उचलण्याइतकी. पुस्तकातलं गणित इथं संपतं. ती गोळी पुढे किती घरांतून जाते, याचं कोष्टक मात्र कुठल्याच कारखान्यानं छापलेलं नाही.