सीनायच्या पायऱ्या

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील चाळीसएक भाविकांसह आम्ही पवित्र भूमीच्या यात्रेस गेलो होतो. कैरोहून निघालेली आमची बस सुएझ कालव्याखालील बोगद्यातून सीनाय द्वीपकल्पात शिरली. त्याच रात्री एकच्या सुमारास, बोचऱ्या थंडीत, हाती विजेऱ्या घेऊन आम्ही मोशेच्या पर्वताची वाट धरली. अरब लोक त्यास जबल मूसा म्हणतात. त्याची उंची २,२८५ मीटर. पायथ्याच्या मठापासून मोजल्यास चढण सुमारे ७०० मीटरांची. पहाटे शिखरावर पोहोचलो तेव्हा तांबूस ग्रॅनाइटचे सुळके एकामागून एक उजळू लागले होते. आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांनी शालीतून तोंड बाहेर काढले, चौफेर नजर टाकली आणि विचारले, "फादर, हाच तो डोंगर हे कशावरून?"

"तशी परंपरा आहे," आम्ही म्हणालो. गुरुजी काही बोलले नाहीत. ज्यांनी उभे आयुष्य मुलांना 'कारणे द्या' असे प्रश्न घातले, त्यांचे एवढ्याने समाधान होणार नव्हते. आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. घरी परतल्यावर सेमिनरीतील जुनी टिपणे काढली, काही ग्रंथ मिळवून वाचले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. गुरुजींचे ऋण त्यात फिटले तर फिटले.

प्रथम जे नाही ते सांगून टाकावे. निर्गमाच्या ग्रंथात सीनाय पर्वताची कथा आहे, नकाशा नाही. इस्राएल लोकांनी पायथ्याशी तळ दिला, डोंगराभोवती मर्यादा आखली गेली, मोशे वर गेला आणि चाळीस दिवस तेथे राहिला, एवढे कळते. तो डोंगर नेमका कोणता, हे कळत नाही. पुढे एलिया संदेष्टा जीव मुठीत धरून चाळीस दिवस चालत होरेबास आला, त्या कथेतही वाटेच्या खाणाखुणा नाहीत. मोशेच्या काळचा असे निश्चित म्हणता येईल असा एकही अवशेष जबल मूसावर आजवर सापडलेला नाही.

इतिहासाला या डोंगरावरील पहिली पावले दिसतात ती चौथ्या शतकात. जगाच्या गलबल्यातून निसटून देवाचा शोध घेणारे एकांतवासी त्या काळी इजिप्त व पॅलेस्टाईनच्या वाळवंटांत राहू लागले होते. त्यांतील काही सीनायच्या घळींतही येऊन वसले. तेथील कोरड्या नदीपात्रांना वादी म्हणतात. दोन्ही अंगांना खडकाच्या उभ्या भिंती, मध्ये वाळू नि धोंडे, आणि एखाद्या वळणावर अवचित झरा. जेथे झरा तेथे कोणी गुहा धरावी, कोणी दगडांची खोपी रचावी, चार फळझाडे लावावीत, असा तो संसार. आपला डोंगर कोणता, हे याच माणसांनी ठरविले असावे. कशाच्या आधारे, ते त्यांनी लिहून ठेवले नाही.

त्यांच्या भेटीस इसवी सन ३८१ ते ३८४ या काळात पश्चिमेकडून एक स्त्री आली. एजेरिया तिचे नाव. ती बहुधा स्पेनच्या वायव्य भागातील असावी. मायदेशातील आपल्या भगिनींसाठी तिने लॅटिनमध्ये प्रवासाचा वृत्तान्त लिहिला. तो पुढे लुप्त झाला आणि १८८४ मध्ये इटलीतील आरेत्सो येथे गामुर्रिनी नावाच्या विद्वानास अकराव्या शतकातील हस्तलिखिताच्या रूपाने सापडला. हस्तलिखिताची आरंभीची पाने गळाली आहेत. जो मजकूर उरला आहे त्याचा प्रारंभच सीनायच्या दरीपाशी होतो. प्रवासिनी कोण, हेही आरंभी कोणास ठाऊक नव्हते. सातव्या शतकात व्हालेरियस नावाच्या मठवाशाने आपल्या बंधूंना लिहिलेल्या पत्रात पर्वत चढणाऱ्या एका धर्मशील स्त्रीची थोरवी गायिली होती. ती हीच, असे १९०३ मध्ये फेरोतिन या बेनेडिक्टाईन पंडिताने दाखवून दिले.

एजेरियाने रविवारी सकाळी चढण सुरू केली. तिचे वर्णन वाचताना आमचे गुडघे पुन्हा दुखू लागले. दुरून हा एकच डोंगर वाटतो, पण आत शिरल्यावर अनेक डोंगर दिसतात. वाट वळणे घेत सावकाश वर जात नाही. भिंतीवर चढावे तसे सरळ चढायचे, तितकेच सरळ उतरायचे, आणि असे करीत मधल्या पर्वताच्या मुळाशी पोहोचायचे. जनावरावर बसून जाणे शक्यच नव्हते. श्रम मोठे, हे ती लपवीत नाही. पण मनीची इच्छा पुरी होताना ते श्रम जाणवले नाहीत असेही सांगते. चौथ्या प्रहरघटिकेस, म्हणजे आपल्या हिशेबाने सकाळी दहाच्या सुमारास, ती शिखरावर पोहोचली. तेथे लहानसे चर्च होते, कारण शिखरावरील जागाच लहान. एक वृद्ध मठवासी धर्मगुरू आपल्या खोपीतून त्यांच्या भेटीस आला. मोशेच्या ग्रंथातील उतारा तेथेच वाचण्यात आला, मिस्साबली अर्पण झाला, सर्वांनी ख्रिस्तशरीर स्वीकारले. निघताना धर्मगुरूंनी पाहुण्यांच्या हाती डोंगरावर पिकलेली फळे ठेवली. मातीचा कणही नसलेल्या त्या खडकांत फळे पिकविणे म्हणजे काय, हे ज्यांनी वसईच्या वाडीत रहाटाचे पाणी फिरवले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

मग त्या साधूंनी बोटे दाखवून सांगितले: तो इजिप्त, तो तांबडा समुद्र, आणि ते भूमध्य समुद्राचे पाणी. येथे आम्ही नकाशा काढून मोजले. भूमध्य समुद्राचा किनारा तेथून पावणेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे; एवढ्या उंचीवरून तो डोळ्यांना दिसणे शक्य नाही. एजेरिया खोटे लिहीत होती असे आम्हांस वाटत नाही. यजमानांनी बोट दाखवले आणि पाहुणीने पाहिले, इतकेच.

सुमारे ५७० मध्ये इटलीतील पियाचेंझाचा एक यात्रेकरू येथे आला. त्यावेळी शिखरावरील प्रार्थनागृह लांबीरुंदीस जेमतेम सहा फूट होते. रात्री तेथे थांबण्यास कोणी धजत नसे. मठवासी पहाटे चढून प्रार्थना म्हणावयास जात. यात्रेकरू भक्तिभावाने तेथे केस व दाढी उतरवीत आणि यानेही उतरवली. नवस फेडून डोके उतरविण्याची रीत ज्या देशात घरोघर ठाऊक आहे, तेथील वाचकांस याचे नवल वाटू नये.

तोवर पायथ्याशी मोठे स्थित्यंतर घडले होते. बायझंटाईन सम्राट जस्टिनियन याने, जळत्या झुडपाचे म्हणून मानलेल्या स्थळी, ५४८ ते ५६५ च्या दरम्यान भक्कम तटबंदीचा मठ व चर्च उभारले. चर्चच्या छताच्या तुळयांवर सम्राटाचे, त्याच्या दिवंगत राणीचे आणि स्थपती स्तेफानोस याचे नाव कोरलेले आहे. हाच आजचा संत कॅथरीनचा मठ. प्रोकोपियस नावाचा समकालीन इतिहासकार लिहितो की शिखरावर रात्री गडगडाट व भयावह प्रकार होत असल्याने मानवास तेथे राहता येत नाही, म्हणून सम्राटाने चर्च खालीच बांधले.

आता पायऱ्यांकडे येऊ. मठाच्या मागून एक अरुंद घळ डोंगरात शिरते. त्या घळीतून शिखरापर्यंत ग्रॅनाइटच्या ओबडधोबड शिळा बसवून वाट केली आहे. पायऱ्यांची परंपरागत संख्या ३,७५०: एलियाच्या पठारापर्यंत सुमारे ३,०००, तेथून शिखरापर्यंत ७५०. एखादी पायरी वीतभर, तर दुसरी मांडीएवढी. कित्येक ठिकाणी हात टेकल्यावाचून पाऊल वर पडत नाही. मठातील परंपरा म्हणते की कोणा मठवाशाने प्रायश्चित्त म्हणून त्या रचल्या. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. एका माणसाच्या हयातीत हे काम होईल का, अशी शंका आम्हांस येते; कदाचित अनेकांची प्रायश्चित्ते त्या घळीत एकमेकांवर रचली गेली असतील.

वाटेत एक दगडी कमान लागते. सहाव्या शतकात स्तेफन नावाचा मठवासी येथे बसे, असे सांगतात. वर जाणाऱ्या प्रत्येकाचे कुमसार ऐकावे आणि मगच त्यास पुढे सोडावे, हे त्याचे काम. त्याचा सांगाडा मठाच्या अस्थिगृहात झगा पांघरून आजही बसलेल्या स्थितीत ठेवला आहे. कुमसाराच्या खुर्चीत आमचीही पंचवीस-तीस वर्षे गेली आहेत. उपवासकाळातल्या शनिवारी सायंकाळी रांग लांबली की घड्याळाकडे डोळा जातो, हे कबूल केले पाहिजे. या स्तेफनकडे तर धापा टाकणारी, घामेजलेली, निम्मा डोंगर चढून आलेली माणसे येत. अशा अवस्थेत माणूस फारशा सबबी सांगत नसावा.

सातव्या शतकातील संत योहान क्लिमाकस यांनी या मठाचे अधिपती होण्यापूर्वी जवळच्या वादी तलाह या घळीत चाळीस वर्षे एकांतात काढली. त्यांनी लिहिलेल्या ग्रंथात आत्म्याच्या उन्नतीची तीस पायऱ्यांची शिडी आहे. ख्रिस्ताच्या अज्ञातवासातील तीस वर्षांवरून ती संख्या घेतली आहे. शिडीची कल्पना याकोबाच्या स्वप्नातून आली, असे सेमिनरीत आम्हांस शिकविले होते. तसे असेलही. पण नित्य त्या डोंगराच्या सावलीत वावरलेल्या माणसाने पायरी हा शब्द लिहिताना केवळ ग्रंथच आठवला असेल, असे वाटत नाही.

मध्ययुगातील यात्रेकरूंची कथा येथे विस्ताराने सांगत नाही. १४८३ मध्ये उल्म शहराचा डॉमिनिकन धर्मगुरू फेलिक्स फाब्री येथे येऊन गेला, एवढे नोंदवून पुढे जातो.

गुरुजींचा प्रश्न मोठ्याने विचारला गेला तो एकोणिसाव्या शतकात. १८१६ मध्ये अरबी वेषात फिरणारा स्वीस प्रवासी बुर्कहार्ट पश्चिमेकडील सर्बाल नावाच्या कठीण पर्वतावर चढला. तेथे त्यास जुनी पायवाट व शिलालेख आढळले, आणि आरंभीचे यात्रेकरू सर्बालवरच जात असावेत असे त्याने अनुमान काढले. १८३८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन बायबलपंडित जबल मूसाच्या माथ्यावर गेला आणि निराश झाला. कारण तेथून ज्यावर इस्राएलांचा तळ मावेल असे मैदानच दिसेना. मग तो त्याच डोंगराच्या दुसऱ्या टोकाला, रास सफसाफा नावाच्या सुळक्यावर, हातापायांनी खडक धरीत चढला. खाली राहाचे विस्तीर्ण मैदान पसरलेले पाहून नियमशास्त्र येथेच दिले गेले अशी त्याची खात्री पटली. १८४५ मध्ये जर्मन पंडित लेप्सियस यांनी पुन्हा सर्बालचा पक्ष घेतला. आजही एकमत नाही; कित्येक अभ्यासक तर खरा सीनाय अरबस्तानात शोधतात. हे सारे विद्वान निदान स्वतः डोंगर चढून भांडले, याचे आम्हांस कौतुक वाटते.

त्याच शतकाच्या मध्यास इजिप्तचा अधिपती अब्बास पाशा याच्या मनात समोरच्या डोंगरावर महाल बांधावयाचे आले. १८५४ मध्ये तो मरण पावला व महाल अपुरा राहिला. पण त्याच्या काळात आखलेला, वळणे घेत चढणारा रुंद रस्ता राहिला. तोच आजचा उंटांचा मार्ग. शेवटच्या ७५० पायऱ्यांच्या अलीकडेपर्यंत उंटावर बसून जाता येते. आम्ही तसेच गेलो, हे येथे नमूद करतो. आमच्या गटातील सत्तरी ओलांडलेल्या एका मावशी मात्र हाती काठी घेऊन, माळेचे मणी ओढीत, सारी वाट पायी चालल्या.

उंट हाकणारे व वाट दाखविणारे लोक जबालिया, म्हणजे डोंगरी, या जमातीचे. जस्टिनियनने मठाच्या रक्षणासाठी बाल्कन प्रदेशातून व इजिप्तमधून धाडलेल्या कुटुंबांचे आपण वंशज, असे ते मानतात. काळाच्या ओघात ते मुसलमान झाले, पण मठाशी त्यांचे नाते तुटले नाही. मठाच्या तटाआत मशीद आहे. शिखरावर १९३४ मध्ये जुन्याच दगडांतून बांधलेले पवित्र त्रैक्याचे चॅपेल आहे आणि त्याच्या शेजारी लहानशी मशीदही आहे.

२६ फेब्रुवारी २००० रोजी, महाज्युबिली वर्षात, पोप जॉन पॉल दुसरे मठात आले. तरुणपणी डोंगर हिंडलेला हा माणूस तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. शिखराकडे न जाता त्यांनी मठाच्या बागेत प्रार्थना केली. २००२ मध्ये युनेस्कोने या परिसरास जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. २०२१ पासून इजिप्त सरकारने तेथे हॉटेले व रस्ते यांची मोठी पर्यटन योजना हाती घेतली, आणि मे २०२५ मध्ये तेथील एका न्यायालयाने मठाची जमीन सरकारच्या मालकीची असून मठवाशांस ती वापरण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. मठवाशांत त्याने मोठी अस्वस्थता पसरली.

तेव्हा गुरुजी, हाच तो डोंगर हे सिद्ध करता येत नाही. सोळाशेहून अधिक वर्षे माणसे येथे देवासाठी धापा टाकीत आली, दगडावर दगड ठेवीत आली, वाटेत थांबून पाप कबूल करीत आली, हे मात्र सिद्ध करता येते. शिखरावर 'परंपरा आहे' म्हणताना आम्हांस हे सांगावयाचे होते. ते तेव्हा नीट ठाऊक नव्हते.

एजेरिया त्या रविवारी डोंगर उतरून जळत्या झुडपापाशी आली तेव्हा दहावी घटिका झाली होती. दुपारचे चार म्हणा. मिस्सा अर्पण करण्यास उशीर झाला होता. म्हणून त्यांनी चर्चमध्ये व बागेत प्रार्थना केली, त्या स्थळाचा उतारा वाचला, झुडपासमोर बागेतच थोडे खाल्ले आणि रात्री तेथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहाटे तेथील धर्मगुरूस विनंती करून त्यांनी मिस्सा अर्पण करविला. आमची बस सकाळी दहा वाजता सुटावयाची होती. मावशी अजून पायऱ्या उतरत होत्या, आणि चालक भोंगा वाजवीत होता.