कृत्रिम पाय कसा काम करतो? सॉकेटपासून सेन्सरपर्यंत, सोप्या मराठीत



रील्समध्ये रोबोटिक हात-पाय तुम्ही पाहिलेच असतील. मीही मध्यंतरी असे व्हिडिओ रात्र-रात्र पाहत होते, कारण तेव्हा आमच्या घरातच एका पायाची गरज होती.

माझं गाव मार्गासनी, पूर्वीचा वेल्हे तालुका. राजगडला गुंजवण्याच्या बाजूने जाणारे ट्रेकर आमच्याच गावातून साखरच्या रस्त्याला वळतात. घरची भातशेती आहे. माझे थोरले चुलते, म्हणजे आमचे नाना, यांना बऱ्याच वर्षांची शुगर. लावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी असताना त्यांच्या पायात काहीतरी रुतलं. शुगरमुळे तळव्याची जाणीव कमी झाली होती, त्यामुळे त्यांना ते कळलंच नाही. जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पुढे एका शिबिरात कृत्रिम पाय मिळाला. नाना त्यावर दोन महिने चालले आणि मग तो पाय माळ्यावर गेला.

विचारलं की म्हणायचे, "टोचतो गं." मला वाटलं, पाय साधा आहे म्हणून टोचत असेल. मी लाखांतले इलेक्ट्रॉनिक पाय शोधले, कर्जाचा हप्तासुद्धा काढून ठेवला. माझी चूक कुठे झाली, ते या लेखात पुढे येईलच.

कृत्रिम पायाचे भाग कोणते?

गुडघ्याखालच्या पायाचे मुख्य भाग तीन.

१. सॉकेट: उरलेला पाय (याला स्टंप म्हणतात) ज्या कपात बसतो तो भाग. शरीराचं सगळं वजन इथून जातं.
२. नळी: सॉकेट आणि पाऊल यांना जोडणारा दांडा.
३. पाऊल: जमिनीला टेकणारा भाग.

पाय गुडघ्याच्या वरून गेला असेल तर चौथा भाग लागतो, कृत्रिम गुडघा. ऑटोबॉक कंपनीने १९९७ साली आणलेला 'सी-लेग' हा असाच गुडघा आहे. त्यातले सेन्सर पायाचा कोन आणि त्यावर येणारा भार मोजतात. आतला प्रोसेसर त्यानुसार गुडघा किती घट्ट ठेवायचा, किती सैल सोडायचा हे ठरवतो.

आता माझी चूक लक्षात आली? नानांचा स्वतःचा गुडघा शाबूत होता. मी त्यांच्यासाठी गुडघा शोधत बसले होते.

खरा खेळ सॉकेटचा

आपला तळवा वजन घ्यायलाच बनलेला आहे. पोटरीची कातडी तशी नाही. म्हणून सॉकेटचा आकार असा ठरवतात, की गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेसारख्या सहन करू शकणाऱ्या जागांवर भार यावा आणि हाडाच्या टोकाला दाब बसू नये. त्यासाठी आधी स्टंपवर प्लॅस्टरचा साचा घेतात, त्यावरून ठोकळा बनवतात, तो हाताने तासतात आणि त्यावर प्लास्टिक ओढतात. आता काही ठिकाणी थ्रीडी स्कॅनर आणि कॉम्प्युटर वापरून हेच काम होतं. तरीही कुठे किती तासायचं हे अनुभवी माणूसच ठरवतो.

मोठी अडचण अशी की स्टंपचा आकार बदलत राहतो. ऑपरेशननंतरची सूज उतरते, स्नायू बारीक होतात, आणि पहिले काही महिने स्टंप आटतच जातो. सॉकेट मात्र तेवढंच राहतं. मग पाय आत खाली सरकतो, भार भलत्याच जागी पडतो आणि कातडी सोलते. नानांचं नेमकं हेच झालं होतं. पाय मिळाला म्हणजे काम संपलं असं आम्ही धरून चाललो. पुन्हा तपासायला न्यायचं असतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

महाराष्ट्राचा आणि जयपूरचा वाटा

पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी ते सुरू झालं आणि आज तिथे नागरिकांनाही सेवा मिळते. १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडलेले गोरखा रेजिमेंटचे अधिकारी इयान कार्डोझो यांनी स्वतःचा चिंधड्या झालेला पाय खुकरीने कापला होता. त्यांचा कृत्रिम पाय पुण्याच्या याच केंद्रातला. त्या पायावर त्यांनी पुढे बटालियनचं नेतृत्व केलं. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आहे.

'जयपूर फूट' १९६८ च्या सुमारास तयार झाला. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो बनवला. तेव्हाची परदेशी पावलं बुटात घालण्यासाठी होती, आणि आपल्याकडे लोक अनवाणी चालतात, उकिडवे बसतात, मांडी घालतात. रबराचं हे पाऊल चिखलापाण्यात चालतं आणि सगळ्या बाजूंना वाकतं. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी २०२२ मध्ये आणलेला 'कदम' हा कृत्रिम गुडघा सुमारे १६० अंशांपर्यंत वाकतो. त्यामागेही बसण्याच्या सोयीचा विचार आहे.

संशोधन कुठपर्यंत आलंय?

स्नायू आवळला की कातडीवर बारीकसा विद्युत संकेत उमटतो. मायोइलेक्ट्रिक हात तो संकेत पकडून मोटर फिरवतो. हात 'मनाने' हलतो असं आपल्याला दिसतं त्यामागे बहुतेक वेळा हेच तंत्र असतं.

दुसरी दिशा म्हणजे सॉकेटच काढून टाकणं. हाडात टायटॅनियमचा खिळा बसवून त्याला थेट पाय जोडतात. स्वीडनमध्ये १९९० पासून हे होतंय. यात कातडी सोलायचा त्रास नाही, पण खिळा जिथून बाहेर येतो तिथे जंतुसंसर्गाचा धोका असतो.

आणखी एक गोष्ट: नसलेला पाय दुखणं. नाना रात्री म्हणायचे, "अंगठा ठणकतोय," आणि अंगठा तर नव्हताच. घरच्यांना वाटायचं, मनाचे खेळ. हे दुखणं खरं असतं, त्याला फँटम वेदना म्हणतात. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर आरशाचा उपाय सुचवला. शाबूत अवयवाचं प्रतिबिंब गेलेल्याच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा आणि हालचाल करायची. काही जणांना याने आराम पडतो. त्रास जास्त असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, औषधंही आहेत.

घरच्यांनी काय करायचं?

• गुडघ्याखाली उशी ठेवू नका. माणसाला बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच आखडतो आणि मग पाय बसवणं अवघड होतं.
• पट्टी कशी बांधायची ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, त्याचा व्हिडिओ काढून ठेवा.
• रोज रात्री स्टंपचा फोटो काढा. लाल डाग थोड्या वेळात गेला नाही किंवा कातडी फाटली, तर पाय घालणं थांबवा आणि केंद्रात दाखवा.
• सॉकेट थोडं सैल झालं तर स्टंपचे मोजे वाढवतात. बरेच मोजे घालूनही सैल वाटलं, तर नवीन सॉकेट लागतं.
• शुगर असेल तर दुसरा पाय रोज तपासा. अनवाणी चालणं बंद.
• यूडीआयडी कार्ड काढा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून मदतीसाठी अर्ज करता येतो.

नानांचं पुढे काय झालं?

शेवटी मी त्यांना पुण्यात एका केंद्रात घेऊन गेले. मोबाईलमध्ये महागड्या मॉडेलचे स्क्रीनशॉट होते. तिथल्या ताईंनी ते पाहिलेही नाहीत. त्यांनी नानांना विचारलं, "काका, जेवायला खाली बसता का? संडास कसला आहे? बांधावरून चालायचंय का?" आमच्या घरात हे प्रश्न कुणी विचारलेच नव्हते.

पाऊल साधंच दिलं, सॉकेट नवीन केलं. मग समांतर दांड्यांमध्ये चालायचा सराव, वजन डावीकडे टाकायची सवय, पडलं तर उठायचं कसं, असे कित्येक दिवस गेले. एकदा नाना चिडून म्हणाले, "पोरी, साठ वर्षं चाललोय, आता चालायला शिकवता काय?" पण शिकले.

यंदाच्या लावणीला ते चिखलात उतरले नाहीत, डॉक्टरांनी मनाई केली आहे. काठी टेकत बांधापर्यंत मात्र स्वतः गेले आणि तिथे बसून सगळ्यांच्या चुका काढत होते. माळ्यावरचा जुना पाय अजून तिथेच आहे.

तुमच्या ओळखीत कुणाचा कृत्रिम पाय असाच पडून असेल, तर आधी विचारा, टोचतो का? आणि त्यांना जवळच्या केंद्रात घेऊन जा. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.